धूर वळवणारी काठी

वायुनाथबाबांनी काठी उचलली आणि कारखान्यांचा धूर खरंच वळला. सकाळपासून बेलापूरच्या आमच्या वसाहतीवर बसलेला पिवळट धूर डोंगराकडे निघाला. मैदानात जयजयकार झाला. "पवनदेव म्हणजे आपला पाहुणा! बोलावला की येतो," बाबा म्हणाले.

मी जळून खाक झालो. हे एकोणीसशे त्र्याऐंशीच्या जानेवारीतलं. धूर कधी, कुठे जाईल याची गणितं मी सहा वर्षं सरकारी कॉम्प्युटरवर मांडत होतो. दुपारी खाडीवरून वारा येतो, हे मला ठाऊक होतं. पण नेमका क्षण? माझं गणित तासभर चुकायचं, बाबा मिनिटभरही नाही. माझे अहवाल कपाटात आणि हार याच्या गळ्यात! त्यात माझीच बायको नंदिनी पहिल्या रांगेत. आमच्या लेकीला, मीनाला, दमा होता आणि बाबांच्या भरवशावर नंदिनीने तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"तुमचं मशीन धूर वळवतं का?" नंदिनीने विचारलं.

मैदानाच्या कडेला दिवाळे कोळीवाड्यातल्या जाईबाई मासळीची पाटी घेऊन बसायच्या. त्या खुदकन हसल्या. "सायेब, वारा पयला पान्यावर दिसतो, काली रेघ येते. बाबाचं तोंड खाडीकडं हाय. तुमी समदी त्याच्याकडं बगता."

गुरूला पाठ दाखवायची नाही, म्हणून कोणी कधी मागे वळलंच नव्हतं. मीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले. "बाबा, आज पूर्वाभिमुख बसावं. शुभ असतं." सगळ्यांसमोर ते नाही कसं म्हणणार? खाडी त्यांच्या पाठीमागे गेली. साडेअकराला काठी उठली. धूर जागचा हलला नाही. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा बाबांनाच खोकला आला.

"थांबा," जाईबाई खाडीकडे बघत म्हणाल्या. "आता!" त्यांनी हात वर केला. थोड्याच वेळात धूर वाकला आणि डोंगराकडे निघाला.

लोक त्यांच्या पाया पडायला धावले. "अरं, मी काय पन केला नाय! पान्यावर दिसला त्ये सांगितला."

मग मी ओरडून सांगितलं, "धूर वळला, संपला नाही. आता तो डोंगराकडच्या महापे गावातल्या पोरांच्या छातीत जाईल. काठी पुरे, चिमणीला गाळणी मागा!"

त्या संध्याकाळी नंदिनीने मीनाला गोळी दिली. मग म्हणाली, "उद्या वारा कधी फिरेल, जाईबाईंना विचारून येते."

मी पुन्हा जळलो. पण तुम्ही माझंही नुसतं ऐकू नका. एकदा मान वळवून मागे बघा.