दोरीचं दुसरं टोक

खळ्यावर सकाळीच भांडण जुंपलं. यहूदाच्या डोंगरातलं आमचं गाव एरवी मवाळ, पण रान मापायच्या दिवशी मुक्यालाही कंठ फुटतो. बापजाद्यांनी देवापुढं खडे टाकून वाटे पाडले होते. पावसानं बांध ढासळतात म्हणून दरवर्षी जव पेरायच्या आधी तेच वाटे दोरीनं पुन्हा मापायचे. दोरीचं एक टोक गावचा म्होरक्या शेमर धरायचा आणि दुसरं एल्दाद. एल्दादच्या नांगराला बैल शेमरचेच होते.

"हग्गीथचा नवरा गेला. घरात नुसत्या पोरी. नांगर कोन धरनार?" शेमर म्हणाला. "तिचं रान माज्यात घेतो. तिला भाकर म्या घालीन."

"पोरींना बी बापाचा वाटा मिळतो, दादा," हग्गीथ म्हणाली. "आन् भाकर माजी म्या थापते."

तेवढ्यात अंजिराच्या बागा राखणारा ओदेद पुढं घुसला. त्याला देवाचा शब्द ऐकू येतो, म्हणून गाव त्याला अर्धवट म्हणायचं.

"ऐका रं! परमेश्वर म्हनतो, जमीन माजी हाय. माजा म्होरक्या सोताच्या पोरांना सोताच्याच वाट्यातलं देईल, गरिबाचा बांध कोरनार न्हाई. आन् ज्यानं कोरला, त्याच्या घरचं कुनी ह्या सभेत दोरी टाकायला उरनार न्हाई!"

"तुज्या अंजिरांना किडे पडलेत, ते बघ आधी!" मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

एल्दादही हसला, पण हग्गीथकडे न बघता. मागच्या मापण्यांत शेमर हग्गीथच्या बांधाच्या दगडापलीकडे हळूच सरकला होता आणि एल्दाद दुसऱ्या टोकाला गप्प उभा राहिला होता. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं होतं. लाज वाटायची, नाही असं नाही. पण बैल आम्हालाही लागायचे.

"धर रं, एल्दाद," शेमर म्हणाला.

एल्दादनं टोक उचललं. हग्गीथ त्याच्याजवळ आली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"धर बाबा," ती म्हणाली. "तुज्या घरात बी खानारी तोंडं हायती."

एल्दादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं दोरी खाली टाकली.

"म्या न्हाई धरत."

"बैल कुनाचे, इसरलास व्हय?"

"न्या तुमचे बैल."

शेमरनं आमच्याकडे बघितलं. एकाच्या पायात काटा मोडला होता, दुसऱ्याला बकरी आठवली, मी खोकल्याची ढास लागल्यासारखं करून तोंड फिरवलं. सरळ नाही म्हणायची छाती आमच्यात एकाचीही नव्हती. पण दोरी कोणी धरली नाही. शेवटी शेमरनं ती गुंडाळली आणि एकेकाला बघून घेतो म्हणत तो निघून गेला. हग्गीथचं रान हग्गीथकडे राहिलं.

संध्याकाळी एल्दादच्या गोठ्यातून बैल गेले. दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन आधी हग्गीथच्या रानात उतरला. खडकाळ माती, तळहाताची सालटी निघाली. दुपारी ती भाकर आणि मूठभर जैतुनाची फळं घेऊन आली.

"मला नगं, वैनी."

"का रं? रुसलास?"

"ती दोरी..." एल्दाद ढेकळांकडे बघत म्हणाला, "तुजा बांध सरकवला तवा दुसरं टोक म्याच धरलं व्हतं."

"ठावं हाय मला. म्या दगडापाशीच उभी व्हते की. दर साली तुज्याकडं बघायची, आता तरी ह्यो त्वांड उघडंल म्हनून."

तिनं भाकर त्याच्या हातावर ठेवली. ती संपेपर्यंत एल्दादनं मान वर केली नाही.