गुरुवारची शाई

प्रभाकररावांच्या शर्टाला सुकटीचा वास येत होता.

कुमुदने शर्ट मशीनमध्ये टाकायच्या आधी पुन्हा एकदा नाकाशी धरला. शंकाच नको. या घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नव्हतं, आणि बाहीला हा असा वास! मागच्या गुरुवारीही तो आला होता, पण तेव्हा तिने तो रिक्षाच्या सीटच्या नावावर टाकून दिला होता.

"शाई मिळाली का हो?" बाहेर येत तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"संपली म्हणाला. पुढच्या गुरुवारी ये म्हणाला." प्रभाकररावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

कुमुद मशीन लावायला आत वळली. पनवेलातलं ते शाईचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. दिवाळीच्या खरेदीला गेली असताना तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे हा माणूस दर गुरुवारी दुपारी पांढरा शर्ट घालून, केस विंचरून बाहेर पडतो आणि घरी येऊन धडधडीत खोटं बोलतो. तेही अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

प्रभाकर देवस्थळी हे नाव एके काळी वाचनालयांत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. एकाहत्तरच्या युद्धात त्यांनी डाकोटा विमान चालवलं, पुढे काही वर्षांनी हवाई दल सोडलं आणि कादंबऱ्या लिहायला घेतल्या. चित्रंही स्वतःच काढली, टाकाने आणि काळ्या शाईने. त्यांचा नायक होता वैमानिक उदयन. रुंद कपाळ, किंचित पुढे आलेला खालचा ओठ आणि आत्ता हसेल की मग, असे डोळे. पोरं वह्यांच्या मागच्या पानांवर उदयन गिरवायची.

तो चेहरा कुमुदच्या घरात मात्र वेगळ्या नावाने राहत होता. तिचा धाकटा भाऊ निनाद एकोणिसाव्या वर्षी पालीच्या नदीत बुडाला, तिच्या लग्नाच्या आधी. वडिलांनी दुःखाच्या भरात त्याचा एकेक फोटो त्याच नदीत सोडून दिला. लग्नानंतर पहिल्या कादंबरीचं चित्र पाहिलं आणि कुमुद किंचाळलीच, "हा तर आमचा निनाद!" ते चित्र तिने चौकटीत बसवून घेतलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळत आली होती. नवऱ्याने न पाहिलेल्या मेहुण्याचा चेहरा नेमका कसा काढला, हा प्रश्न तिला पडला होता, नाही असं नाही. पण देवाने दिलेलं दान उलटून पालटून पाहू नये, असं म्हणून तिने तो गिळून टाकला होता.

आता गुरुवारांमुळे सगळेच गिळलेले प्रश्न वर यायला लागले.

आजवर त्यांचं प्रत्येक पान आधी तिने वाचलं होतं. अक्षर लागत नाही म्हणून मुद्रणप्रत तीच तयार करायची. गेले काही महिने मात्र लिहिण्याच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं, आणि ती चहा घेऊन गेली की टेबलावरचा कागद हलकेच पालथा व्हायचा. फोन तर कहरच. एकदा त्यांचा मोबाईल तिने उचलला, तर पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला, "सर हायेत का?" कुमुदने विचारलं, "कोण बोलतंय?" फोन कट.

पुण्याच्या लेकीला, अंकिताला, तिने सगळं सांगितलं. अंकिता म्हणाली, "आई, जमिनीच्या दलालांनी तर नाही ना गाठलं? एअरपोर्ट झाल्यापासून तिकडे काय चाललंय माहितीये ना? म्हाताऱ्यांना गोड बोलून सह्या घेतात. बाबांवर लक्ष ठेव."

"दलाल सुकट खाऊ घालतात का गं?" कुमुदने विचारलं. 

मग कुमुदने रामूला गाठलं. रामू जवळच्याच विचुंबे गावचा. त्याची रिक्षा सोसायटीच्या गेटाशी उभी असायची आणि प्रभाकररावांना दुसरी रिक्षा चालायची नाही.

"आजी, मना नका इचारू," तो हात जोडून म्हणाला. "साहेबांनी सांगलंय, कोनाला बोलू नको."

"मी कोणी आहे का रामू?"

रामूने मान खाजवली. "जासईला जातात. एका घरात. म्हातारी हाय एक, नि तिची नात. मी भायेर गाडीत बसतो. आतलं मना काय म्हाईत नाय."

म्हातारी आणि नात. त्या रात्री कुमुदने कूस बदलताना शेजारी झोपलेल्या माणसाकडे पाहिलं. घोरत होता, निवांत. हवाई दलात असताना हा किती ठिकाणी राहिला, कोणाकोणाकडे जेवला, तिला काय ठाऊक? म्हातारी म्हणजे आजची म्हातारी. तेव्हा ती म्हातारी नसणार. आणि नात कोणाची?

पुढच्या गुरुवारी प्रभाकरराव निघाले. कुमुदने घडीची साडी नेसली, रस्त्यापलीकडून दुसरी रिक्षा केली आणि जासईला चल म्हणून सांगितलं. उरण बंदराच्या त्या वाटेवर ट्रेलरची रांग लागली होती. कंटेनरांच्या भिंती दोन्ही बाजूंनी सरकत होत्या आणि धुळीने तिचा चष्मा पिवळा झाला. मनातल्या मनात ती वाक्यं जुळवत होती. रडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. फक्त विचारायचं, कधीपासून?

रामूची रिक्षा तिला गावात शिरताच दिसली. तिला पाहून रामू सीटवर खाली खाली घसरला. समोर गुलाबी टाइल्स लावलेलं बैठं घर होतं, ओटीवर सुपात सुकट वाळत घातलेली. दार उघडंच होतं.

आत प्रभाकरराव चटईवर मांडी घालून बसले होते. मांडीवर फळी, फळीवर कागद. समोर नऊवारी नेसलेली एक काळीसावळी म्हातारी त्यांना दरडावत होती, "नाय रं दादा, मुंडावल्या अशा नाय. कपालावर नीट बांद. नवरा हाय तो, खेल नाय!"

कुमुदची सावली कागदावर पडली. प्रभाकररावांनी वर पाहिलं आणि त्यांच्या हातातला टाक तसाच थांबला.

"कुमुद..."

पण कुमुद त्यांच्याकडे पाहत नव्हती. म्हातारीच्या मागच्या भिंतीवर शाईच्या चित्राची, झेंडूचा ताजा हार घातलेली एक तसबीर होती. वैमानिकाच्या टोपाखालचं रुंद कपाळ. पुढे आलेला खालचा ओठ. तेच डोळे. माझा निनाद इथे काय करतोय, हा पहिला विचार तिच्या मनात आला.

"हा... हा इथे कसा?"

"यो माजा भाव," म्हातारी म्हणाली. "विठू. आनि तू कुमुद ना? ये बाय, बस. दादा लय सांगतं तुजं."

कुमुद चटईच्या कडेवर बसली. म्हातारीचं नाव गोदू. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि तांब्या घेताना कुमुदला गोदूचा खालचा ओठ दिसला. किंचित पुढे आलेला.

गोदू सांगत गेली. विठू हवाई दलात लागला तो गावातला पहिलाच. एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याचा एकुलता फोटो आईच्या पेटीत होता, तो दोन हजार पाचच्या पुरात पेटीसकट गेला. मग गेल्या वर्षी नात किशोरीने कॉलेजच्या वाचनालयात एक जुनं पुस्तक पाहिलं आणि धावत घरी आणलं. म्हणाली, आजी, हा बघ, तुझ्यासारखा दिसतो. "मी बगलं नि बोंबललेच. माजा विठू, विमानाचा टोप घालून! पोरीनं मग फोन नंबर शोधला. दादा आयला, नि माज्या पाया पडला. पर सगल्या चित्रांत विठू टोपच घालून. लगीन नाय जालं गो त्याचं. म्हून म्हनलं, एकदा नवरा कर त्याला."

कुमुदने कागदाकडे पाहिलं. मुंडावळ्या बांधलेला तो तरुण तिच्याकडे बघून आत्ता हसेल की मग, असं वाटत होतं. ती उठली आणि रामूच्या रिक्षात जाऊन बसली. प्रभाकरराव मागून आले. 

दिवेलागण झाली तरी तिने दिवा लावला नाही.

"बोला," ती म्हणाली. "सगळं."

प्रभाकरराव खुर्चीच्या कडेवर बसले. "डाकोटाचं मागचं दार उघडं ठेवून पोती खाली ढकलायची असतात. ते काम विठूचं. त्या दिवशी खालून गोळीबार झाला. माझ्या शेजारचा पायलट बेशुद्ध पडला. मागे दाराशी विठूलाही गोळी लागली होती, पण मला चाक सोडता येईना. तो कानावरच्या यंत्रातून बोलत होता. घरचं, खाडीचं, बहिणीचं. मी म्हणत होतो, बोलत राहा. विमान उतरवलं तेव्हा तो बोलायचा थांबला होता. मागे जाऊन मी त्याचा चेहरा पाहिला. तेव्हापासून कागदावर कोणीही माणूस काढायला घेतला तरी हात तोच चेहरा काढतो, कुमुद. मी ठरवत नाही."

"आणि निनाद?"

"तू चित्र पाहिलंस आणि म्हणालीस, हा निनाद आहे. लग्नानंतर पहिल्यांदा तू भावाचं नाव घेतलंस. त्या दिवशी तू रडलीस, मग जेवलीस, मग त्याच्या गोष्टी सांगितल्यास. मला वाटलं, उद्या सांगू. तो उद्या काही आला नाही."

"म्हणजे इतकी वर्षं मी दुसरीच्या भावाला ओवाळत होते."

त्यांनी चौकटीतल्या चित्राकडे पाहिलं.

कुमुदने डोळे मिटले. निनादचं कपाळ आठवून पाहिलं, विठूचं कपाळ समोर आलं. हनुवटी आठवून पाहिली, तीही विठूची.  "माझ्याकडे त्याचा चेहरा होता," ती म्हणाली. "अंधूक का असेना, होता. तुमच्या चित्राने तो पुसला. आता शोधला तरी सापडत नाही."

 त्यांनी उत्तर शोधल्याचं नाटक केलं नाही, तेवढंच तिला बरं वाटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. कुमुदने त्यांच्या जुन्या कादंबऱ्या कपाटातून काढल्या आणि उलटतपासणीला बसली. ज्या पानांची नक्कल तिनेच केली होती, ती आता फितूर साक्षीदारांसारखी वाटत होती. जेवता जेवता ती मध्येच विचारायची, "ती आसामातली नर्स कोण?"

"कोणी नाही. मनाने रचली."

"नक्की?"

"नक्की."

"आणि तिचं ते मागे वळून बघणं?"

"ते तुझं. पालीच्या स्टँडवरचं."

तिला ते खरं मानावंसं वाटायचं, आणि वाटतं म्हणूनच त्याचा संशय यायचा. अंकिताचा फोन आला, तर "दलाल नव्हता" एवढंच सांगून तिने ठेवून दिला. चौकटीतल्या चित्राकडे ती जाता येता बघायची. उतरवून ठेवायला हात धजेना, आणि नमस्कारही होईना. त्या पोराचा त्यात काय दोष होता?

गुरुवार आला. दुपार झाली तरी प्रभाकरराव घरच्याच कपड्यांत बसून होते.

"जायचं नाही?"

"नको म्हटलं."

"का? तिचा नवरदेव अर्धाच राहिलाय ना?" कुमुदने त्यांचा पांढरा शर्ट पलंगावर टाकला. "उठा. ती वाट बघत असेल. मीही येते."

गोदूने कुमुदला पाहिलं आणि आतून दुसरी चटई आणली. या खेपेला किशोरीही घरी होती. फोनवर आवाज चोरणारी ती हीच. तिने मान खाली घालून चहा दिला. प्रभाकरराव कोपऱ्यात फळी घेऊन बसले. टाकाची करकर आणि बाहेरच्या ट्रेलरची धडधड ऐकू येत होती.

"दादानं मना सांगलं," गोदू हळूच म्हणाली. "तुजा पन गेला. कसा व्हता गो तो?"

कुमुदने मान हलवली. "चेहरा नाही आठवत."

"मी चेरा कुटं इचारते? तो कसा व्हता?"

कुमुद पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "शीळ घालायचा. वडिलांना आवडायचं नाही, म्हणून विहिरीत वाकून शीळ घालायचा. सगळी विहीर वाजायची. आणि वडील विचारायचे, कोण रे ते? तर हा विहिरीतूनच ओरडायचा, मी नाही!"

गोदू खळखळून हसली. कुमुदलाही हसू आलं. आणि हसता हसता तिला आणखी एक आठवलं: कच्ची चिंच खाऊन दात आंबले की भाताचा घास गालात धरून बसणारा निनाद, फुगलेल्या गालाचा. गाल गोल होते त्याचे. विठूसारखे बसके नव्हते, गोल होते.

कोपऱ्यात प्रभाकररावांनी नवा कागद फळीवर घेतलेला तिला दिसला.

"काढू नका," ती म्हणाली. "नुसतं ऐका."

त्यांनी टाक खाली ठेवला, आणि कुमुद गोदूकडे तोंड करून पुढचं सांगायला लागली.