अजून चार दिवस

इवाओने दवाखान्यात खरबूज आणलं तेव्हा परिचारिकाही बघायला थांबल्या. सालीवरची जाळी एकसारखी, वर देठाची दोन शिंगं ताठ. असं फळ हजारात एखादं निघतं, आणि निघालं की थेट तोक्योला जातं, कुणा बड्या आजाऱ्याच्या उशाशी बसायला. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची कोवळी असतानाच खुडायची, म्हणजे सगळी साखर त्या एकाच्या पोटात. खुडलेल्यांचं लोणचं घालून पिकवणाऱ्यांनी खायचं. इवाओ आणि त्याची बायको फुसाए जन्मभर ते लोणचंच खात आले. शहाणपण म्हणा की खुळेपणा.

आता फुसाएला पाण्याचा घोटही जड जात होता. दोन दिवस, फार तर तीन, असं डॉक्टर म्हणाले होते. ती जायच्या आत आपल्या काचघरातलं एक उत्तम फळ तिच्या तोंडी लागावं, एवढंच इवाओला हवं होतं.

फुसाएने फळाच्या बुडाशी अंगठा दाबला. फळ पिकलंय की नाही हे सगळं गाव तिच्या अंगठ्याला विचारी.

"अजून चार दिवस," ती म्हणाली.

"आई, आजच कापूया ना गं," मुलगी मिचिरु म्हणाली. "जरा कमी गोड लागेल, एवढंच."

"कच्चं कापता? मरताना माझं नाक कापू नका!"

मिचिरु डोळे पुसत बाहेर गेली. इवाओने सुरी पिशवीत ठेवली. कच्चं फळ कापायला त्याचाही हात धजेना. बायको निघाली होती आणि हा बाबा फळ पिकायची वाट बघत बसला!

दुसऱ्या दिवशी फुसाएचा आवाज पार खोल गेला.

"अहो, ते फळ विसरू नका हं. तोवर मातीला आलेले पाहुणे गेलेले असतील. तुम्ही पोटात काही ढकलणार नाही, ठाऊकाय मला. तेव्हा कापा, आणि बापलेकीने खा."

इवाओला आत्ता उमगलं. चार दिवस म्हणताना तिने स्वतःला धरलंच नव्हतं. बाकीची खुडायची आणि एकाला जगवायचं, हाच हिचा जन्माचा हिशेब. या खेपेला खुडायला तिने स्वतःलाच निवडलं होतं. त्याला रडू आलं, आणि तिचा रागही आला.

त्याने फळ मांडीवर घेऊन बुडाशी अंगठा दाबला. दगड होता नुसता.

"पिकलंय," तो म्हणाला.

"खोटारडे."

"आजवर तुझ्या अंगठ्यापुढे कधी बोललो नाही. आज माझं ऐक."

सुरी करकरत आत गेली. त्याने गर खरवडून चमच्याच्या टोकावर घेतला आणि तिच्या ओठांशी धरला. फुसाएने तो बराच वेळ तोंडात घोळवला.

"कच्चंय," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.