चन्नव्वाचे सत्तर टक्के

सोमवारी चन्नव्वाच्या लेकीचं लग्न, आणि शनिवारी दुपारी संगणकाने निकाल दिला: हिला घरी सोडली तर पुन्हा बिघडण्याची शक्यता सत्तर टक्के. पन्नासच्या वर आकडा गेला की सुट्टी नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा, हिरेगौडरांचा, नवा नियम. धारवाडकडच्या त्या मनोरुग्णालयात संगणक आल्यापासून डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे बघेनासेच झाले होते. एकदा तर टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनलाच म्हणाले, "तुमचा किती?"

नर्स ईरव्वा वही घेऊन तणतणत त्यांच्या खोलीत शिरली.

"सर, सत्तर टक्के म्हणजे शंभरातले सत्तर बिघडायला हवेत ना? नियम व्हायच्या आधी असे सत्तर टक्केवाले चाळीसजण घरी गेले. मी एकेकाच्या गावी निरोप धाडून विचारलं. खरे बिघडले सहा!"

"म्हणजे यंत्र खोटं बोलतं?"

"आपणच तसं शिकवलंय त्याला. दरमहा गोळ्या न्यायला येणाऱ्याला खिडकीवर नवा केसपेपर काढावा लागतो. यंत्राला वाटतं, हा पुन्हा बिघडून आला. चन्नव्वा तीन वर्षांत एक महिना चुकली नाही. छत्तीस केसपेपर! यंदा झोप उडाली तर स्वतःच्या पायांनी येऊन दाखल झाली, तीन आठवड्यांत बरीही झाली. आणि ज्याने गोळ्या ओढ्यात फेकल्या, पुन्हा इकडे फिरकलाच नाही, तो याच्या लेखी ठणठणीत!"

हिरेगौडरांनी चष्मा पुसला. "पटतंय, सिस्टर. बेंगळुरूला लिहितो. सहा महिन्यांत दुरुस्त करतील."

"लग्न परवा आहे, सर!"

"मग आकडा पन्नासखाली आणा. आत्ता सही करतो."

ईरव्वा दात-ओठ खात संगणकापुढे बसली. छत्तीसच्या छत्तीस नोंदी पुसल्या आणि लिहिलं: रोगी गोळ्यांना एकदाही आली नाही. यंत्राने क्षणभर घुर्र केलं आणि आकडा दिला, बारा.

"बघा!" सही ठोकत डॉक्टर म्हणाले. "त्याला सगळं कळतं. उगीच तुम्ही त्याच्यावर खार खाता."

बावीस वर्षांच्या नोकरीत ईरव्वाला एवढा संताप कधी आला नव्हता. फाटकाशी चन्नव्वा बोचकं घेऊन उभी होती, आनंदाने नुसती फुललेली.

"अक्का, लग्नाला यायचं हं. शेंगदाण्याच्या पोळ्या करणार आहे. आणि पुढच्या महिन्यात गोळ्यांना येते मी, नेहमीसारखी."

"ये गं बाई, चुकू नकोस. पण खिडकीकडे मुळीच जायचं नाही. स्वयंपाकघराच्या दाराने ये, आणि कुणी हटकलं तर सांग, ईरव्वाची थोरली बहीण आहे म्हणून."