भरलेलाच परत आलेला तांब्या

आशाबाई गेल्याचं घरी कळलं, त्या दिवशी मी काठोकाठ भरलेला होतो.

त्यांचे यजमान सोनाजी खळ्यावर शिजवलेली हळद पसरत होते. दिवस कलला होता तरी जमीन भाजत होती. लग्नाला गेलेली जीप गावात आली, पण नेहमीसारखी हॉर्न वाजवत आली नाही. शेजारच्या रुख्मिणीबाई खाली उतरल्या. मी त्यांच्या हातात होतो. त्यांनी मला सोनाजींपुढे धरलं. मग जीपवाला रणजीत मान खाली घालून म्हणाला, "काका, काकूला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं व्हतं. न्हाई ऱ्हायल्या."

सोनाजींनी मला हातात घेतलं. माझं वजन त्यांना जाणवलं असावं, कारण त्यांनी झाकण फिरवून आत पाहिलं. पाणी गळ्याला लागलं होतं. त्यांनी झाकण परत लावलं आणि तिथंच हळदीत बसले.

मित्रांनो, त्या पाण्याचा अर्थ सोनाजींना ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता, पण मला बोलता येत नव्हतं.

मी पितळेचा फिरकीचा तांब्या. खाली गोल पोट, वर आखूड गळा, गळ्याला आटे आणि त्यावर फिरवून बसवायचं झाकण. झाकण उलटं केलं की पाणी प्यायची वाटी होते. गाडीत आडवा पडलो तरी माझ्यातून थेंब सांडत नाही. मला घडवणाऱ्या तांबटाने मला प्रवासासाठीच घडवलं. आशाबाईंच्या भावाने मला हिंगोलीच्या बाजारातून घेतलं आणि बहिणीच्या आंदणात दिलं. माझ्या पोटावर ठिपके पाडून त्यांचं नाव घातलं. ते अजून वाचता येतं.

मी पुष्कळ फिरलो. नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेलो, हिंगोलीच्या दसऱ्याला गेलो, लेक साधना जन्मली तेव्हा दवाखान्यात उशाशी होतो. आशाबाई निघताना मला ओलं फडकं गुंडाळायच्या, सोबत भाकरी, कोरडी चटणी आणि लिंबू घ्यायच्या. लिंबू माझ्यात कधी पिळत नसत, कारण पितळ कळकतं. त्यासाठी वेगळा स्टीलचा पेला. गाडीत कुणाला मळमळलं, कुणाचं लेकरू रडलं, की माझी फिरकी उघडायची. "आशाबाईच्या तांब्यातलं पाणी गार ऱ्हाते बघ," असं लोक म्हणायचे. मला अभिमान वाटायचा. पण त्या स्वतः कधी पितात, हे मला नीटसं कधी दिसलं नाही.

पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. अंगावर हिरवे डाग चढले. मग साधनाचं लग्न झालं. वाशीमच्या पलीकडचं सासर मिळालं, आणि मला परत खाली काढलं. त्याला एक कारण होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून आशाबाईंना आपलं पाणी सोबत न्यावं लागे. त्यांनी मला चिंचेने घासलं, कल्हई करून आणलं, आणि मी पुन्हा गाडीत बसलो.

साधनाच्या नणंदेचं लग्न होतं. सोनाजी खळ्यावरच्या हळदीसाठी मागे राहिले. जीप निघण्याआधी रुख्मिणीबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "सगळ्या जाऊन आल्या ना गं? आता कोणी पाणी पिऊ नका. मधी गाडी थांबत न्हाई."

"थांबली तरी बसायचं कुठं माय? डांबरावर?" मोतीबाई म्हणाल्या आणि सगळ्या बाया हसल्या.

हे त्या गाडीत कुणालाच नवं नव्हतं. पुढे पुरुष बसलेले. त्यांच्यासमोर "गाडी थांबवा" म्हणायचं तरी कसं? त्यापेक्षा तहान सोसलेली बरी. कुणी आग्रह केलाच तर सांगायचं, "पाणी पिलं की मला गाडी लागते." हे एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

लग्नाच्या मांडवात साधना पेला घेऊन आईमागे फिरली.

"आई, दोन घोट तरी घे."

"तुला लेकरू होऊ दे. मग हंडाभर पिते."

"मग तुझ्या तांब्यातलं तरी पे."

"पिते की. तू जा, तुझी सासू वाट पाहून राहिली."

त्या प्यायल्या नाहीत. परतीची गाडी अजून बाकी होती. माझ्यातलं पाणी शेजारच्या लेकरांनी संपवलं.

येताना वारा तापला होता. कनेरगाव नाक्याला पुरुष चहाला उतरले, बाया जीपमध्येच बसून राहिल्या. आशाबाईंनी मला रणजीतकडे दिलं. "भरून आण रे, लेकरं उठली की मागतील." त्याने ढाब्यावरच्या माठातून मला भरून आणलं. पण लेकरं झोपली होती. मी आशाबाईंच्या मांडीवर होतो. त्यांचा हात माझ्या गळ्याभोवती होता, आणि तो हात तव्यासारखा तापलेला होता. घाम नव्हता, हात कोरडा होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हळद झाका. पाऊस येऊन राहिला."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"काय म्हणता आशाबाई?" मोतीबाई हसून म्हणाल्या. मग त्यांनी तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. मित्रांनो, मी इतका भ्यालो होतो, आणि माझ्यात एवढं पाणी होतं. माझं झाकण आतून उघडत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून यांनी पाणी किती घेतलं? लघवीला कधी जाऊन आल्या?" रुख्मिणीबाई मला घट्ट धरून उभ्या राहिल्या.

गावात सगळे म्हणाले, ऊन लागलं. साधनालाही तेच सांगितलं. सोनाजीही तेच म्हणत राहिले. मग एक दिवस ते मला घेऊन रुख्मिणीबाईंच्या ओसरीवर गेले.

"वहिनी, हा भरलेला काहून व्हता?"

"लेकरायसाठी भरला व्हता तिनं."

"आन् तिनं काहून न्हाई पिलं?"

रुख्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. "भाऊजी, आमी कोणीच न्हाई पीत. बायाची जात. गाडी कोण थांबवते?"

इतकी वर्षं सोनाजी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसत आले होते.

पुढच्या उन्हाळ्यात साधना पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायला रणजीतची जीप ठरवली. सोबत जाणत्या बाया हव्यात, म्हणून रुख्मिणीबाई आणि मोतीबाई निघाल्या. रुख्मिणीबाईंचा पुतण्या हरीश येताना वाशीमला मोटारीचं सामान घ्यायचं म्हणून पुढे बसला. सोनाजींनी मला स्वतः घासलं. नर्सबाईंनी त्यांना सांगितलं होतं, पोटुशीला प्रवासात घोटघोट पाणी द्या, डोक्यावर कपडा ठेवा, पाय लोंबकळत ठेवू नका, गाडी मधे मधे थांबवून चार पावलं चालवा, आणि लघवी अडवू देऊ नका. सोनाजींनी सगळं नीट ऐकलं होतं. शेवटची गोष्ट लेकीला कशी सांगायची, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं. बापाने असं कधी लेकीशी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

साधनाच्या सासरी तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि लगेच मागे घेतला. रीत तिच्या लक्षात आली. सोनाजींनी हात पुढे केला, पेला घेतला आणि पाणी पिऊन टाकलं. विहीणबाई बघत राहिल्या. "आता पानी पिऊनच निघायचं," ते एवढंच म्हणाले.

पण गाडीत बसल्यावर साधनाने माझ्याकडे पाहून मान हलवली.

"नको बाबा. पानी पिलं की मला गाडी लागते."

ते वाक्य ऐकून सोनाजींचा चेहरा उतरला. मी त्यांच्या हातात होतो, मला त्यांच्या बोटांचा ताण कळला. साधनाचे ओठ सुकले होते. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतला होता. ती आधी बोलत होती, मग कमी बोलू लागली, मग तिने खिडकीला डोकं टेकवलं. तिची आईही अशीच टेकली होती. सोनाजींनी ते पाहिलेलं नव्हतं, मी पाहिलं होतं. मला वाटलं, आता ही म्हणेल, पाऊस येऊन राहिला.

"रणजीत, गाडी थांबव," सोनाजी अचानक म्हणाले.

"का काका?"

"मला जायचंय."

जीप बाभळीखाली थांबली. सोनाजी उतरले, झाडामागे जाऊन पाठ फिरवून उभे राहिले आणि परत आले. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "थांबव रे."

"काका, आत्ताच तर थांबलो व्हतो!"

"मला साखरेची बिमारी हाय. तुला काय तकलीफ?"

हरीश हसला. "काका, घरून टाकीच भरून निघाले का काय? वाशीम येऊस्तोर नदी व्हईल."

रणजीतही हसला. सोनाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गावात ताठ मानेने चालणारा माणूस, पण त्यांनी ती थट्टा सोसली. साखरेची बिमारी त्यांना कधीच नव्हती. सासरच्या त्या एका पेल्यानंतर त्यांनी पाण्याला तोंडही लावलं नव्हतं. ते झाडामागे नुसतेच उभे राहत होते. हे मला माहीत होतं, आणि थोड्याच वेळात रुख्मिणीबाईंनाही कळलं. त्या एकटक त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

त्यांनी दार उघडलं. "चल गं साधना, गाडी थांबलीच हाय तर. मोती, तू पण उतर. त्या तुराट्यांच्या ढिगाआड जाऊ. मी लुगडं धरते."

"मला नको, मावशी."

"चल म्हनलं ना."

बाया परत आल्या तेव्हा साधनाने स्वतःहून हात पुढे केला. रुख्मिणीबाईंनी माझी फिरकी उघडली आणि वाटी भरली. "घोटघोट पे. गटागटा न्हाई." साधना प्यायली. मग तिने आणखी एक वाटी मागितली. त्यानंतर रुख्मिणीबाई प्यायल्या, मोतीबाई प्यायल्या. मोतीबाई म्हणाल्या, "लई बरं वाटलं माय." पेल्यात लिंबू, मीठ, साखर कालवून साधनाला दिलं. ती पाय वर घेऊन बसली आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले. घाम पाहून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

वाशीमला हरीश आपलं सामान घेऊन परत बसला. मलाही तिथं पुन्हा भरून घेतलं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे रणजीतने वेग वाढवला. त्याला संध्याकाळी दुसरं भाडं होतं. सोनाजी पुन्हा म्हणाले, "थांबव."

"काका, आता हिंगोलीलाच थांबू की. सारखं सारखं काय?"

सोनाजींनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मागून रुख्मिणीबाईंचा आवाज आला. मोठा, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा.

"रणजीत, गाडी थांबव. त्यांना न्हाई. मला जायचंय."

गाडीत कुणी हसलं नाही. हरीश खिडकीबाहेर पाहू लागला. रणजीतने ब्रेक लावला.

मित्रांनो, साधना सुखरूप घरी आली. पावसाळ्यात तिला मुलगी झाली. मी आता रोज वापरात आहे, माझी फिरकी सैल झाली आहे. तुम्ही प्रवासाला निघाल तेव्हा माझ्यासारखं भांडं नुसतं भरून नेऊ नका, त्यातलं पाणी प्या. आई, बहीण, आजी सोबत असेल तर त्या पितात का, हेही पाहा. त्या "गाडी लागते" म्हणाल्या तर ऐकू नका. आणि तुम्ही पुढच्या सीटवर बसला असाल तर कुणी सांगण्याआधी गाडी थांबवा.

माझी भीती मात्र गेलेली नाही. आता लवकरच जावई साधनाला आणि तान्हीला न्यायला येणार आहेत. रस्ता तोच, आणि त्या गाडीत सोनाजी नसतील, रुख्मिणीबाई नसतील. मधे कोण थांबवेल, मला माहीत नाही. सोनाजी रोज मला भरतात, साधनाच्या खाटेजवळ ठेवतात, आणि काहीतरी बोलायला म्हणून उभे राहतात. मग तान्हीला खेळवून बाहेर जातात.

तिची आई कशाने गेली, हे त्यांनी साधनाला अजून सांगितलेलं नाही.