फरशीत रुतलेले पाय

मी कूलर बोलतोय. तेवीस उन्हाळे मी नुसता घरघरलो आणि माझं कुणी ऐकलं नाही, कारण माझ्यासमोर बसलेला माणूस पाच मिनिटांत घोरायला लागायचा. आता घर रिकामं आहे, लाईट कापली आहे, आणि मी नांदेडच्या एका अरुंद गल्लीत, मागच्या खोलीत, पाय फरशीत रुतलेल्या अवस्थेत उभा आहे. तेव्हा ऐकाच.

मला सलीमनं घडवलं. सलीम म्हणजे आमच्या गल्लीचा कूलरवाला. लोकांसाठी तो मापात काम करायचा, पण घरचा कूलर करताना त्याचा हात सैल सुटला. जाड पत्रा, लोखंडी अँगलचे पाय, तीन बाजूंना गवताच्या दाट जाळ्या. एवढं धूड दारातून आत येईना, म्हणून त्यानं मला खोलीतच जोडलं. एवढा मोठा करायचं कारणही तसंच होतं. त्याची पोरगी अलीझा चार महिन्यांची होती, अंगभर घामोळं, दुपारभर रडायची. मला पहिल्यांदा चालू केलं आणि ती गप्प झाली. त्या दिवसापासून मी स्वतःला कुणीतरी मोठा समजायला लागलो.

त्याच वर्षी मे महिन्यात गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि घराच्या उंबऱ्यापेक्षा वीतभर वर गेला. पावसाळ्यात पाणी आत येणार हे उघड होतं. सलीमनं मुरूम टाकून फरशी उचलायचं ठरवलं आणि देगलूरकडचा गवंडी माणिकप्पा कामाला आला.

"मिस्त्री, ह्या कूलरला खोला आन् भायेर काढा. दोन दिवसाचं काम हाय," माणिकप्पा म्हणाला.

"दोन दिवसात लेकरू भाजून निघंल. चालूच राहू दे. ह्याच्या भवतीनं भर टाक," सलीम म्हणाला.

आणि खरंच, मी चालू असताना माझ्या पायांभोवती मुरूम ठोकला गेला, वर फरशी बसली. बारा वर्षांनी रस्ता परत वर आला, मग घरातली फरशीही परत वर आली. तेव्हाही मे महिनाच होता आणि तेव्हाही मला कुणी हलवलं नाही. पूर्वी माझ्या टाकीखालून मांजर आरामात जायचं. आता चप्पल सरकवायची तरी जोर लावावा लागतो.

खरं सांगतो, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मला जायचं कुठं होतं? अडकलोय हे कळायला आधी निघायची वेळ यावी लागते.

ती वेळ अलीझानं आणली. माझ्या वाऱ्यात झोपलेली पोरगी इंजिनियर झाली आणि लोहा रस्त्याला घरच्यांसाठी स्वतःच्या डोक्यानं घर बांधायला लागली. नकाशा पसरायला जागा कुठली, तर माझं डोकं. त्यामुळे ते घर मी न पाहता पाठ केलं. भिंतीत विटा अशा लावायच्या की मधे पोकळी राहील आणि ऊन आत पोचणार नाही. स्लॅबमध्ये मातीची गाडगी उलटी घालायची. छतावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. जिन्याच्या वर झरोका, तिथून गरम हवा आपली आपण निघून जाणार.

"आपली आपण?" सलीम हसला. "वारा काय तुझ्या नकाशाची वाट बघून राहिला का, बेटा?"

"बघा तुमी. ह्या घरात कूलर लागायचा न्हाई, अब्बा."

ती सहज बोलली. पण सलीम त्या रात्री जेवला नाही. त्याच्या हातचे कूलर अर्ध्या नांदेडात फिरत होते आणि त्याच्या पोरीनं पहिलंच घर बांधलं ते कूलर नको म्हणून.

सामान बांधायला सुरुवात झाली. रजियानं, म्हणजे सलीमच्या बायकोनं, चादरींत गाठोडी बांधली, बशा जुन्या पेपरात गुंडाळल्या. कुराण शरीफ आणि पाण्याचा घडा आधी नव्या घरी गेला. खोली रिकामी होत गेली तसा मी जास्तच मोठा दिसायला लागलो. निघायच्या आदल्या दिवशी सलीम म्हणाला, "फरशी फोडतो, दाराची चौकट काढतो. कूलर माझ्यासंगं येईल. न्हाईतर मी येत न्हाई."

अलीझाचा चेहरा उतरला. निलंग्याच्या शिवमूर्ती गुरुजींना घर बांधायचं होतं आणि ते काम तिला मिळेल अशी आशा होती. तिचं पहिलं बाहेरचं काम. गुरुजींनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "पोरी, भर मे मधी दुपारी येऊन बसतो तुझ्या घरात. कूलर दिसला की समजून जाईन."

"अब्बा, गुरुजी परवा येऊन राहिले," ती म्हणाली. "माझ्यावर कोण इश्वास ठेवंल मग?"

"आन् माझ्यावर? कूलरवाल्याच्या घरात कूलर न्हाई. लोकं काय म्हणतील?"

"दोगं बी सारखेच," रजिया गाठोड्यावर बसून म्हणाली. "पाय रुतवून बसलेत नुसते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सलीम छिन्नी-हातोडा घेऊन आला. मी मनातून खूश होतो, लपवत नाही. त्यानं माझ्या पुढच्या पायाजवळची फरशी फोडली, मुरूम उकरला, आणि त्याचा हात थांबला. पाय नव्हताच. तेवीस वर्षं माझ्यातून झिरपलेल्या पाण्यानं लोखंड खाऊन टाकलं होतं. उरली होती तांबड्या गंजाची भुकटी. फरशीनं मला कोंडलंय असं मी समजत होतो. तिनंच मला उभं धरलं होतं.

ती फुटली तसा मी कलंडलो, सरळ सलीमच्या अंगावर. त्यानं खांदा लावला. त्याला हलता येईना, मला सावरता येईना. दोघं तसेच अडकून राहिलो.

"अलीझा," त्यानं हाक मारली.

ती धावत आली. अंगणातल्या दोन विटा उचलून आणल्या, पालथी पडून उकरलेल्या खड्ड्यात, माझ्या टाकीखाली सरकवल्या, हातानं दाबून पाहिल्या. मी स्थिर झालो. सलीमनं खांदा काढला. तिचे डोळे भरले होते.

"ह्याला घेऊन चला, अब्बा," ती म्हणाली. "मी डागडुजी करते. गुरुजी काय म्हणायचं ते म्हणू देत."

सलीमनं माझ्या पत्र्यावर हात फिरवला. पत्रा जोडायला ज्या रिबिटा त्यानं स्वतः ठोकल्या होत्या, त्यांवरून.

"न्हाई बेटा. राहू दे त्याला. उचल ती गाठोडी," तो म्हणाला.

ते गेले. मला राग आला, खूप आला. माझ्याकडे वळून बघितलंही नाही त्यानं.

आठ दिवसांनी दुपारी तो एकटाच आला. घर विकलं होतं, किल्ली द्यायची होती. माझ्यासमोर फरशीवर बसला आणि रोजच्या सवयीनं शर्टाची वरची दोन बटणं सोडली.

"गुरुजी आले होते," तो मला म्हणाला. "तीन घंटे बसले. काम पोरीलाच देऊन गेले." मग आवाज खाली आणला. "लई थंड हाय रे ते घर. मला बी झोप लागली दुपारी."

हे त्यानं बायकोला सांगितलं नसणार, पोरीला तर नाहीच. मग उठला, नळाखाली बादली भरली, माझ्या टाकीत पाणी ओतलं, ओंजळीनं तिन्ही जाळ्या भिजवल्या. लाईट नव्हती. माझ्याकडे त्याला द्यायला वारा नव्हता. तरी तो घटकाभर माझ्यासमोर डोळे मिटून बसला, आणि मग कुलूप लावून गेला.

आता ज्यांच्या हाती किल्ली आहे त्यांना एकच विनंती. मी या दारातून निघणार नाही, तेव्हा मला कापावंच लागेल. खुशाल कापा. पण टाकीखालच्या त्या दोन विटा सगळ्यात शेवटी काढा. माझ्या पोरीनं ठेवल्यात त्या.