आठ-दहा दिवसांची गादी

आमचे मेहुणे दौलतराव गादी अंगठ्याने तपासतात. बाजारात आंबा दाबून पाहावा तसा गादीच्या कोपऱ्यात अंगठा रोवायचा, डोळे बारीक करायचे आणि मान हलवायची. त्या मानेचा अर्थ हो की नाही, हे कुणालाच कळत नाही. बहुधा त्यांनाही नाही. त्या रविवारी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात चार दुकानांत मिळून त्यांनी वीसेक गाद्या अशा दाबल्या. एकीवरही पाठ टेकली नाही.

"झोपून बघा ना एकदा," मी म्हटलं.

"ताई, दुकानात झोपणारा माणूस फसतो. एसी चालू असतो, शेठ पाणी आणून देतो. अशा ठिकाणी दगडसुद्धा मऊ लागेल."

हे वाक्य त्यांनी चारही दुकानांत म्हटलं. चौथ्या दुकानात माझी धाकटी बहीण रखमा, म्हणजे त्यांची बायको, त्यावर हसलीसुद्धा. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर अशा वाक्याला हसता येणं ही एक साधनाच म्हणायची.

गादी माझ्यासाठी घ्यायची होती. निदान मी तसं समजत होते. विठ्ठलवाडीत ज्या इमारतीत मी एकतीस वर्षं राहिले, तिच्या जिन्यावर एप्रिलमध्ये नोटीस लागली: इमारत धोकादायक, पावसाळ्याआधी रिकामी करा. नवी इमारत उभी राहायला दीड वर्ष लागेल, असं बिल्डर म्हणाला. शाळेची पेन्शन आहे, त्यामुळे भाड्याची खोली मला जड नव्हती. पण अडुसष्टाव्या वर्षी अनोळखी दारावर कुलूप लावायचं आणि आपणच काढायचं, याचा कंटाळा आला होता. तेवढ्यात रखमाचा फोन आला. "दीड वर्ष काय ताई, कायमची राहा. गेस्टरूम रिकामीच आहे. ह्यांचंच म्हणणं आहे." दोघी बहिणी लहानपणी एका गोधडीत झोपलो, तशा म्हातारपणी एका छताखाली राहू, या विचाराने मी इतकी सुखावले की चार दिवसांत माझी लोखंडी खाट शेजारणीला दिली आणि कापसाची गादी पिंजाऱ्याला देऊन टाकली.

त्या गेस्टरूमबद्दल सांगायला हवं. दौलतरावांनी बेलवलीची वडिलोपार्जित शेती बिल्डरला दिली आणि तिथेच तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला. तिसऱ्या खोलीला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'गेस्टरूम' म्हटलं. कुणीही घरी आलं की ते आधी ती खोली दाखवतात. भिंतीला सोनेरी नक्षीचा कागद आहे, पडद्यांना गोंडे आहेत, छताला निळे दिवे आहेत. पलंग सागवानी आहे. त्या पलंगावर पाच वर्षांत गादी नव्हती. गणपतीच्या मखराचे थर्मोकोलचे खांब होते. एक संपूर्ण खोली पाहुण्यांना वाहिलेली, आणि पाच वर्षांत तिथे एक पाहुणा झोपलेला नाही. आलेल्या माणसाला दौलतराव साडेआठलाच विचारतात, "परतीची गाडी कितीची?"

मला हे सगळं माहीत होतं. तरी वाटलं, आपलं वेगळं. माणूस शिकलेला असो की अडाणी, स्वतःच्या बाबतीत तेवढाच मूर्ख असतो.

चौथ्या दुकानाचा शेठ साठीचा, शांत सिंधी गृहस्थ होता. त्याने आमची वरात पाहिली: पुढे अंगठा घेऊन दौलतराव, मागे पर्स छातीशी धरून रखमा, मग मी, आणि सगळ्यांच्या आधी एका गादीवर उडी मारून बसलेली जिज्ञासा. ती दौलतरावांची नात, तिसरीत गेलेली. चार दुकानांत गादीवर खरोखर झोपून पाहणारं तेवढंच एक माणूस होतं.

"बोला साईं, किती बजेट?" शेठने विचारलं.

"बजेटचं सोडा. माल दाखवा. बजेट माल बघून ठरतं," दौलतराव म्हणाले. मग दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "तीन हजारच्या वर जायचं नाही."

शेठने एक पांढरी, हलकी गादी पुढे ओढली. वर फुलाफुलांचं कव्हर, त्यावर जाड प्लॅस्टिक. दौलतरावांचा अंगठा लगेच प्लॅस्टिकवर गेला.

"ही कशाची असते, मोठी आजी?" जिज्ञासाने मला विचारलं. मी तिच्या आजीची मोठी बहीण, म्हणून मोठी आजी.

प्लॅस्टिक जरा सरकवून, गादीच्या कडेची चेन थोडी उघडून मी तिला आतला थर दाखवला. "टीव्हीच्या खोक्यात पांढरं, मऊ काहीतरी येतं ना, टीव्हीला धक्का लागू नये म्हणून? तेच हे, जाड केलेलं. चप्पल काढ. आता यावर एक टाच रोवून उभी राहा. दहा मोज. उतर. आता बघत बस, खड्डा किती आकड्यांत भरतो."

ती गुडघ्यावर बसून मोजू लागली. वीस झाले, तीस झाले. चाळीसलाही टाचेचा वळ तसाच होता.

"आता ती शेजारची, जड दिसते ती."

जड गादी फोमच्या तुकड्यांची होती, दाबून बसवलेली. तिच्यावरचा वळ तिने 'सहा' म्हणेपर्यंत गेला.

"आबा! ही पास झाली, ती नापास!" ती ओरडली.

"गप गं. टाचेवर कोण झोपतं?" दौलतराव म्हणाले आणि शेठकडे वळले. "ही पांढरी कितीला लावता? बरोबर लावा हां. मी काय आज पहिल्यांदा येत नाही इथे."

ते पहिल्यांदाच आले होते.

शेठने भाव सांगण्याआधी विचारलं, "साईं, वापर कसा आहे? रोज झोपणार, की गेस्टसाठी?"

"गेस्ट."

"साल में कितने दिन?"

दौलतरावांनी क्षणभरही विचार केला नाही. हिशेब तयारच होता. "आठ-दहा दिवस. फार तर पंधरा."

"मग बिनधास्त घ्या. पाच वर्षं काही होणार नाही."

मी रखमाकडे पाहिलं. ती गादीच्या कव्हरवरची फुलं निरखत होती, जणू तिला त्यांची नावं सांगायची होती.

"शेठ," मी विचारलं, "यावर रोज कुणी झोपलं तर?"

"रोज?" शेठने मान हलवली. त्याच्या मानेचा अर्थ लगेच कळला. "नको बाई. दोन महिन्यांत बीच में खड्डा. कमर जाईल. रोजसाठी ती दुसरी घ्या."

"अहो ताई, रोज कोण झोपतंय!" दौलतराव मोकळेपणी हसले. मग त्यांना आठवलं, आपण कुणाशी बोलतोय. हसू तोंडावर राहिलं, पण आता ते कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना.

मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. गृहपाठ न केलेलं मूल दोन प्रकारचं असतं. एक सरळ सांगतं, बाई, नाही केला. त्याला मी कधी रागावले नाही. दुसरं वहीच चाळत राहतं. त्याच्यापुढे बसून राहावं लागतं, घाई करायची नाही. मी बाजूच्या स्टुलावर बसले.

"दौलतराव, मी तुमच्याकडे किती दिवस येणार आहे?"

"असं काय विचारता? घर तुमचंच आहे."

"ते झालं. आकडा सांगा."

"आपल्या माणसांत कुणी आकडा सांगतं का?"

"शेठना सांगितलात की. ते तर परके."

शेठने हळूच दुसरीकडे पाहिलं आणि नीट रचलेल्या उशा पुन्हा रचायला घेतल्या. भला माणूस.

"ताई, दुकानात नको ना," रखमा कुजबुजली.

"मग कुठे, रखमे?"

"घरी बोलणारच होतो आम्ही."

"कधी?"

"तू आल्यावर."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला आधी समजलंच नाही. माझी खोली रिकामी झाल्यावर, सामान वाटून टाकल्यावर, पिशव्या घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिल्यावर ते मला सांगणार होते, की थोडेच दिवस हं.

"सुयोगचं म्हणणं आहे," ती भराभर बोलू लागली. सुयोग तिचा मुलगा, जिज्ञासाचा बाप. "जिज्ञासाला अभ्यासाला ती खोली लागेल. शाळा सुरू झाली की. तोवर राहा ना तू. मे महिना आहेच पूर्ण. मग मधून मधून येत जा."

"मला नको ती खोली," जिज्ञासा म्हणाली. "तिथे आबा बसूच देत नाहीत. पडद्याला हात लागतो म्हणतात."

"मोठ्यांच्या मधे बोलू नये," दौलतराव तिच्यावर ओरडले. आत्तापर्यंत त्यांना ओरडण्याजोगं कुणी सापडलं नव्हतं, आता सापडलं. मग ते माझ्याकडे वळले आणि उदार झाले. "बरं, असं करू या. ताईंना पाठीचा त्रास आहे, मान्य. आपण ती जड गादी घेऊ. तीन हजार मी देतो, वरचे ताई देतील. म्हणजे कुणाच्याच मनात काही राहणार नाही."

पाठीचा त्रास मला कधीच नव्हता. पण त्यांना तो तिथल्या तिथे तयार करावा लागला, कारण माझ्या मुक्कामाला काहीतरी कारण हवं होतं, आणि मी रखमाची बहीण आहे हे कारण त्यांना पुरेसं वाटत नव्हतं.

मी रखमाकडे शेवटचं पाहिलं. ती काही बोलली असती, अगदी "अहो, असं काय" एवढंच म्हणाली असती, तर मी त्या तीन हजारांवर झोपायलाही तयार होते. ती म्हणाली, "हे काही वाईट सांगत नाहीयेत, ताई."

मी उठले. "शेठ, ती जड गादी एकट्याच्या मापात आहे?"

"आहे ना. सहा बाय तीन. आज शामको पोचवतो."

"द्या. पूर्ण पैसे मी देते."

दौलतरावांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मी हरले आणि त्यांचे तीन हजार वाचले. ते लगेच पुढे झाले. "थांबा ताई, तुम्हाला भाव करता येत नाही." आणि त्यांनी माझ्या गादीसाठी पावणेदोनशे रुपये कमी करून घेतले. ते त्यांनी इतक्या अभिमानाने केलं की मी आभार मानेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी मानले.

"पत्ता लिहू, साईं? बेलवली?" शेठने पेन काढलं.

"हो, बेलवली वेस्ट," दौलतराव सांगू लागले.

"नाही," मी म्हटलं. "पत्ता मी उद्या फोनवर सांगते. तोवर इथेच राहू द्या."

शेठने पेन पुन्हा खिशाला लावलं. मग दौलतराव म्हणाले, "आता हा हट्ट झाला." रखमाचे डोळे भरले. तिला रडू येतं, बोलणं येत नाही. लहानपणी याची मला दया यायची; मार मी खायचे आणि रडायची ती.

त्यांनी पांढरी गादीही घेतली. पलंग मोकळा बरा दिसत नाही म्हणे. दौलतरावांनी ती स्वतः गाडीच्या टपावर दोरीने बांधली, कारण पोचवायचे वेगळे पैसे पडत होते. जिज्ञासाने खिडकीतून विचारलं, "मोठी आजी, तू नाही येत?" मी म्हटलं, "आज नाही. तू सहाचा आणि सातचा पाढा पाठ कर, मी फोनवर घेईन." ती हो म्हणाली. मी पाढे फोनवर घेते, दर शनिवारी. आता बारापर्यंत आलोय.

खोली मला दुसऱ्या दिवशी अंबरनाथला मिळाली, मोरिवलीत, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. एक खिडकी, एक मोरी, समोर पिंपळ. सोमवारी संध्याकाळी गादी आली. तिच्यावर मी पहिल्या दिवसापासून नीट झोपते.

दौलतरावांनी नातेवाइकांत सांगून ठेवलंय, ताईंसाठी मुद्दाम नवी गादी घेतली, पण त्यांना आमचं घर पसंत पडलं नाही. त्यांच्या थोरल्या वहिनी, बनूबाई, यांनी मला फोन करून चांगलं खडसावलं. "एवढं केलं त्यांनी आणि तुम्ही असं वागलात?" मी ऐकून घेतलं. खोटं सांगितलेलं नव्हतंच. गादी घेतली होती. बनूबाईंच्याच बोलण्यात कळलं की ती अजून प्लॅस्टिकमध्ये आहे. दौलतराव काढू देत नाहीत, धूळ बसते म्हणून.

जून संपताना रखमा एकदा आली. डब्यात तळलेले बोंबील आणले होते. सगळी खोली तिने उभ्याउभ्याच पाहिली. ती पाहायला दोन पावलं पुरतात. गादीवर बस म्हटलं, तर अगदी काठावर टेकली, जणू कुणी उठ म्हणणार होतं. मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "हे विचारत होते, भाडं किती पडतं तुला?"

मी उठून चहा टाकला. भाडं सांगितलं नाही.